तांबड्या दिव्याची घंटा

रिकाम्या रस्त्यावर पायी जाताना तांबड्या दिव्यासाठी थांबलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मे महिन्यातली दुपार, निम्मी दुकानं बंद, चौकात कुत्रंसुद्धा नाही, आणि अण्णा रस्त्याच्या कडेला काखेत छत्री धरून समोरच्या दिव्याकडे बघत उभे. सलूनच्या दारातून तात्या ओरडायचा, "अण्णा, जावा की! कोण येतंय आता?"

"कोण न्हाई ते मलाबी दिसतंय," अण्णा जागेवरूनच म्हणायचे. "पर दिवा हाय न्हवं?"

हिरवा झाला की मग ते रस्ता ओलांडायचे आणि जाता जाता सिग्नलच्या खांबाला एकदा हात लावायचे. गोठ्यातून जाताना आपण बैलाच्या पाठीवर हात ठेवतो, तसा.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. कोल्हापुरात तेव्हा सिग्नलचे चौक अगदी मोजके होते. शहराच्या दिवाबत्तीच्या खात्यात अण्णा वायरमन होते आणि मी तिथं नुकताच ज्युनियर इंजिनियर म्हणून लागलो होतो. पन्हाळ्याच्या पायथ्याचं माझं गाव. वडील सुतार. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच, त्यामुळे खुर्चीत बसताना मी जरा जास्तच ताठ बसत असे. मंगळवार पेठेजवळच्या त्या चौकापासून चार-पाचशे फुटांवर आमची दोन खोल्यांची कचेरी होती. तिथं माझं टेबल, अण्णांचं कपाट आणि भिंतीवर ती घंटा.

अण्णा माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे आणि सातवी शिकलेले. लोकांसमोर ते मला "साहेब" म्हणत. शिडीवर चढले की "ए" म्हणत. पहिल्यांदा तसं म्हणाले तेव्हा माझा चेहरा उतरला असावा. वरून हात पुढे करत ते म्हणाले, "पकड काढ. खांबावर कोण साहेब नसतोय. खांबावर एक धरणारा आणि एक करणारा, एवढंच." नोकरीच्या पुढच्या सगळ्या वर्षांत मला याहून खरं वाक्य कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.

ते सीमेकडच्या गावचे जैन. घरी कानडी आणि बाहेर आमची रांगडी मराठी. तांब्याच्या तारेचे वेढे गुंडाळायला बसले की मोजणी कानडीतून चालायची, "वंदु, येरडु, मूरु..." मधेच कुणी हाक मारली आणि आकडा चुकला तर रागावायचे नाहीत. तार सगळी उलगडायची आणि पुन्हा वंदुपासून सुरू. अंदाजानं पुढचा आकडा धरणं त्यांना जमतच नसे. सिग्नलच्या डब्यात दिव्याच्या उबेला किडे-पाखरं येऊन बसत. अण्णा काच उघडून एकेक पाखरू कागदाच्या कपट्यावर घेऊन बाहेर सोडत, आणि खाली मी शिडी धरून उभा. माझे हात भरून येत. "अण्णा, आवरा की," असं म्हटलं तर वरून उत्तर यायचं, "ह्यास्नी काय म्हाईत हा दिवा कशाचा हाय ते. सोड म्हटल्यावर जात्यात बिचारी."

पिण्याचं पाणी ते कचेरीतही गाळून घेत. त्यासाठी पांढऱ्या मलमलीची फडकी त्यांच्या कपाटात घडी घालून ठेवलेली असत. आणि दिवस मावळला की तोंडात घास नाही. ड्युटी रात्री आठपर्यंत, त्यामुळे संध्याकाळचं जेवण कचेरीतच. पाचला शाळा-कचेऱ्या सुटायच्या वेळेला चौकात एक फेरी मारायची, साडेपाचला येऊन हातपाय धुवायचे आणि घंटेखालच्या बाकावर डबा उघडायचा. ज्वारीची भाकरी, आमटी, दही, शेंगदाण्याची चटणी. खाता खाता खिडकीतून उन्हाकडे लक्ष.

आता घंटेबद्दल सांगायला हवं.

मी नोकरीला लागायच्या आधी त्या चौकातला एक तांबडा दिवा सकाळी जळाला आणि दुपारपर्यंत तसाच अंधारा राहिला. दुपारी एक मालट्रक थांबायचा तो थांबला नाही. शाळेतले एक मास्तर सायकलवरून येत होते. त्यांचा पाय गेला. हे मला अण्णांनी नाही, तात्यानं सांगितलं. त्याच्या सलूनमधला मोठा आरसा चौकाकडे तोंड करून होता. गिऱ्हाईकाची दाढी करताना त्याला आरशात सिग्नलचा तांबडा ठिपका दिसत असे.

"त्या दिवशी आरशात ठिपका नव्हता," तात्या म्हणाला. "मला सकाळीच दिसलंतं. म्हटलं, सांगंल कोणतरी. दुपारच्याला अण्णा आले आणि एकेका दुकानात जाऊन इचारलं, 'दिवा गेलेला बघितलंतं काय?' सगळी म्हणाली, 'व्हय, सकाळीच बघितलंतं.' अण्णा तसंच शिडी घिऊन खांबाकडं गेले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

त्यानंतर सहा महिने खपून अण्णांनी ते यंत्र केलं. कल्पना साधी होती. तांबड्या दिव्याकडे जाणारी वीज आधी तारेच्या एका वेटोळ्यातून जाई. वीज वाहते आहे तोवर वेटोळं लोखंडाची एक पट्टी ओढून धरी. दिवा जळाला की वीज थांबे, पट्टी सुटे आणि घंटेचं बटण दाबलं जाई. तिथून कौलांवरून, पत्र्यांवरून ओढलेली तार आमच्या भिंतीपर्यंत आलेली होती. घंटेला वीज तांबड्याच्याच पाळीत मिळे, त्यामुळे हिरवा असताना ती गप्प राही. दिव्यानं मरताना स्वतःच सांगून जायचं.

"मुकं झाल्यालं माणूस हाक मारू शकत न्हाई," अण्णा मला समजावताना म्हणाले. "मग ते गप झालं हीच हाक व्हायला पायजे. लोकांच्या भरवशावर न्हाई ठेवायचं."

इंजिनियरिंगच्या चार वर्षांत मी रिले, ही विजेनंच उघडझाप करणारी कळ, शिकलो होतो. पण रिले म्हणजे काय, हे मला त्या बाकावर कळलं.

अडचण एकच होती. घंटा कधीकधी खोटं बोलायची. हिवाळ्यात साडेपाच-पावणेसहाला दुकानांतले दिवे लागायचे, कारखान्यांच्या मोटारी अजून बंद झालेल्या नसायच्या, आणि व्होल्टेज पडायचं. दिवा लागलेला असायचा, पण मंद. वेटोळ्याची ओढ कमी व्हायची, पट्टी सुटायची आणि भिंतीवर घणघणाट सुरू. नेमका अण्णांचा दुसरा घास हातात असायचा.

ते भाकरी डब्यात ठेवत, हात धुवत, शिडी खांद्यावर घेऊन निघत. चौकात जाऊन बघावं तर दिवा ठीक. काच पुसून, जोड तपासून परत येईपर्यंत दिवस मावळलेला असे. मग डबा तसाच झाकून पिशवीत जाई. त्या हिवाळ्यातल्या पहिल्याच महिन्यात मी किती वेळा हे पाहिलं असेल! एकदा म्हटलं, "अण्णा, खोटी घंटा आहे हे तुम्हालाही माहीत आहे. जेवून जावा की."

"खोटी हाय हे तिथं गेल्यावर कळतंय," ते म्हणाले. "हितं बसून कसं कळंल?"

मोठे साहेब आठवड्यातून एकदा येत. घंटा वाजली की कानावर हात ठेवत. "ही कचेरी आहे की देऊळ? महिनाअखेर ही बडबड थांबली नाही तर तार काढून टाका." अण्णा मान हलवत आणि तारेचे वेढे बदलून बघत. वेढे वाढवले तर लोखंडात चुंबकत्व मुरून पट्टी इतकी घट्ट बसे की दिवा काढला तरी सुटेना. कमी केले तर रोजचीच रड. वंदु, येरडु, मूरु.

अण्णा वाळत चालले होते. गळ्याची हाडं दिसू लागली होती. मला माझ्या वडिलांची आठवण यायची. तेही काम अर्धवट टाकून ताटावर बसत नसत. एका संध्याकाळी अण्णा चौकातून परत यायच्या आधी मी त्यांच्या कपाटातलं पाणी गाळायचं एक जुनं फडकं काढलं, त्याची घट्ट घडी केली आणि घंटेची हातोडी आणि वाटी यांच्यामध्ये दाबून बसवली. एक दिवस तरी हा माणूस पोटभर जेवू दे, एवढंच माझ्या मनात होतं. देवाशपथ सांगतो, दुसरं काही नव्हतं.

अण्णा आले. हातपाय धुतले. डबा उघडला. पावणेसहा झाले, दुकानांतले दिवे लागले, घंटा गप्प. अण्णा दोनदा वर बघून हसले. "आज शहाण्यासारखी वागालीया," म्हणाले. सावकाश जेवले. दह्याचं बोट चाटलं. मला म्हणाले, "साहेब, चटणी घ्या की थोडी, घरची हाय." मी घेतली. इतका सुखाचा घास मी फार दिवसांत खाल्ला नव्हता.

डब्याचं झाकण लागायच्या आत तात्या दारात आला. हातात वस्तरा, मनगटापर्यंत साबणाचा फेस.

"अण्णा, आरशात ठिपका न्हाई! दूधवाल्याला उडवलं!"

आम्ही धावलो. चौकात एका गवळ्याची सायकल आडवी पडली होती. दोन्ही कॅन उपडे, आणि सगळा रस्ता दुधानं पांढरा. एक स्कूटरवाला "माझ्या बाजूला तांबडा नव्हताच हो" असं रडकुंडीला येऊन सगळ्यांना सांगत होता. त्याचं खरं होतं. गवळी बसून होता, मनगट दुसऱ्या हातात धरून. हाड मोडलं होतं. जीव वाचला होता. अण्णांनी डोक्याला गुंडाळलेला तांबडा पंचा सोडला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मधी उभा ऱ्हा. गाड्या थांबीव." मी दुधात उभा राहून पंचा धरला. ते वर चढले. नवा दिवा लागला तेव्हा तो खालच्या दुधात दिसला.

कचेरीत परतल्यावर अण्णा थेट घंटेपाशी गेले. हात घालून फडकं बाहेर काढलं. उलगडलं. आपल्याच कपाटातलं आहे हे त्यांना ओळखू आलं. मी सगळं सांगितलं.

"हे पाणी गाळायला हाय," ते इतकंच म्हणाले. मग बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिले.

"अण्णा, तुमच्या जेवणासाठी केलं मी."

"ते कळलं मला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणूनच ती सोसवेना. "एक इचारू? घंटा गप करायपेक्षा तू उठून गेला असतास, तर माझं जेवण झालंच असतं की."

महिनाभर त्यांना अर्ध्या ताटावरून उठताना मी खुर्चीत बसून पाहत होतो आणि हळहळत होतो. मी उठावं, हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. कुणी मनाई केली नव्हती. शिडी माझ्या खांद्यालाही पेलली असती. पण साहेबानं घंटेमागं धावायचं नसतं, असं कुठंतरी मी धरून चाललो होतो. त्या चौकातल्या दुकानदारांत आणि माझ्यात काय फरक होता?

दुसऱ्या दिवशी साडेपाचला अण्णांनी डबा उघडला नाही. तिसऱ्या दिवशी तर आणलाच नाही. तात्यानं खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्यांनी नेम घेतलाय. घंटा खोटं बोलायची थांबेपर्यंत एकवेळच जेवायचं, तेही दुपारी. मी हात जोडले. "चूक माझी, आणि उपास तुम्हाला?"

"शिक्षा न्हवं ही," ते म्हणाले. "संध्याकाळचा घास हाय म्हणून तू फडकं घातलंस. घासच न्हाई म्हटल्यावर कोण घालंल?"

गवळ्याच्या घरी ते रोज सकाळी जात होते, हेही मला नंतर समजलं. त्याचा हात प्लास्टरमध्ये, तर त्याच्या म्हशीची धार अण्णा काढून देत.

महिनाअखेरीला दोन आठवडे उरले होते. मी माझ्या कॉलेजच्या वह्या गावाहून आणवल्या. रोज सकाळी लवकर कचेरीत येऊन आकडेमोड करायचो, कारण संध्याकाळी अण्णांचा रिकामा बाक समोर असला की आकडे लागत नसत. उत्तर वहीत नव्हतंच. ते शाहूपुरीत एका धान्याच्या दुकानात मिळालं. दुकानदार तागडीनं गहू मोजत होता. वारा आला, दोन्ही पारडी हलली, पण काटा मधेच राहिला.

मी जवळजवळ पळत आलो. "अण्णा, एक वेटोळं पट्टीला ओढतंय. समोरून दुसरं लावू या, उलट ओढणारं. पहिल्याला दिव्यातून जाणारी वीज, दुसऱ्याला नुसतं व्होल्टेज. व्होल्टेज पडलं तर दोघांचीही ओढ कमी होणार. पट्टी जागची हलायची नाही. दिवा गेला तर मात्र एकाचीच ओढ जाणार."

अण्णांनी दोन्ही तळवे तागडीसारखे धरले, दोन्ही एकदम खाली घेतले, आणि मग एकच सोडला.

"आरं लेका," ते हळूच म्हणाले. "शिकल्याला अर्थ हाय की."

हे वाक्य मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं. पदवीदानाच्या दिवशी त्यांचे डोळे भरले नव्हते, त्या दिवशी भरले.

वेढे अण्णांनी गुंडाळले, मोजणी मी केली. तेव्हापासून वीसपर्यंतचे कानडी आकडे मला येतात. चार दिवस रोज दिवेलागणीला आम्ही घंटेकडे बघत बसलो. दिवे मंद झाले, घंटा गप्प. मग अण्णा मुद्दाम चौकात जाऊन दिवा काढून बघत आणि घंटा खणखणून वाजे. मोठे साहेब येऊन पाच मिनिटं थांबले, काही ऐकू आलं नाही, म्हणाले, "हां, राहू द्या मग."

पाचव्या दिवशी अण्णांनी डबा आणला. मी सकाळपासून त्या डब्याकडे बघत होतो. साडेपाचला त्यांनी हातपाय धुतले, बाकावर बसले, भाकरी मोडली. ऊन खिडकीतून बाकावर पडलेलं होतं. पहिला घास तोंडात गेला.

आणि घंटा वाजली.

अण्णांचा हात डब्याकडून मागं आला. ते उठू लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याहून तीस वर्षांनी मोठ्या माणसाच्या खांद्यावर, आणि दाबून खाली बसवलं.

"तुम्ही जेवा. मी जातो."

शिडी खांद्यावर घेऊन मी रस्त्यानं धावलो. दोन माणसं "साहेब, काय झालं?" म्हणत मागं आली. चौकात बघतो तर आमच्या ओळखीचा हवालदार मधोमध उभा राहून हातानं गाड्या थांबवत होता, आणि खांबाखाली तात्या दुसऱ्याच कुणाची तरी शिडी धरून दात काढत होता. मी वर चढलो. दिवा जळालेला नव्हता. होल्डरमध्ये फिरवून नुसता सैल करून ठेवला होता.

"अण्णांनी सांगितलंतं," तात्या खालून म्हणाला. "हवालदाराला उभा कर आणि साडेपाचला ढिला कर म्हणाले. मी इचारलं, घंटा तर चार दिस तपासलीया, आता काय ऱ्हायलं? तर म्हणाले, घंटा झाली. येणारं माणूस तपासायचं ऱ्हायलंय."

मी दिवा घट्ट बसवला. तांबडा लागला. तात्यानं सलूनच्या आरशाकडे बघून बोट वर केलं.

परत आलो तेव्हा मला धाप लागली होती. अण्णा बाकावरच होते. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं, अजून मावळलं नव्हतं. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं.

"लय येळ लावलास," ते म्हणाले. "उद्या बघू."

डबा त्यांच्या मांडीवर उघडाच होता. त्यात भाकरीचा कणसुद्धा उरला नव्हता. फक्त झाकणात, माझ्यासाठी, थोडी चटणी काढून ठेवलेली होती.